आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आपल्याकडे बिघाड शोधण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. दिवा लागला नाही की आधी दिवा बदलावा. तरीही लागला नाही तर बटण बदलावे. तेवढ्यानेही भागले नाही तर घराची वायरिंग जुनी झाली असे जाहीर करावे, आणि अखेरीस शेजाऱ्याने येऊन दाखवावे की मुळात फ्यूजच उडालेला होता. तोवर नवा दिवा, नवे बटण आणि अर्धा दिवस खर्ची पडलेला असतो. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण रचणाऱ्याने मोटारगाडी पाहिली नसणार हे उघड आहे. परंतु गाडीला अलार्म बसविताना आणि त्यानंतर दारांची कुलपे रुसली असता जे काही चालते, त्याला ही म्हण जितकी चपखल बसते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला बसत असेल.

कॉलेजच्या नियतकालिकात मोटारीच्या कुलपावर लेख कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांच्या पंक्तीत वायर, फ्यूज आणि रिले यांना पाट मांडणे थोडे विचित्र दिसते खरे. तथापि मला जे म्हणायचे आहे ते केवळ गाडीपुरते नाही. बिघाड नेमका कोठे आहे हे मोजून ठरविल्यावाचून तार कापू नये आणि भाग बदलू नये. आणि ही सवय अंगी बाणविणे हे गॅरेजइतकेच, किंबहुना गॅरेजपेक्षा अधिक, आपल्या कॉलेजांचे काम आहे, असे माझे मत आहे. दाराचे कुलूप हे त्याचे उदाहरण. ते मी मुद्दाम निवडले, कारण त्यातले पदार्थविज्ञान पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पलीकडचे नाही आणि त्यातली फजिती मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. दाराच्या पत्र्याआड एक लहान मोटर असते व तिला दोन तारा असतात. पहिल्या तारेला बॅटरीचा धन ध्रुव आणि दुसरीला ऋण ध्रुव मिळाला की मोटरीचा दांडा एका दिशेस सरकून कुलूप लागते. ध्रुव उलटे केले की दांडा परत येऊन कुलूप उघडते. सगळे काम अर्ध्या-पाऊण सेकंदाचे. परंतु तेवढ्या वेळात प्रत्येक मोटर काही अँपिअर प्रवाह ओढते, आणि चारही दारे एकदम हलली म्हणजे हा प्रवाह बराच होतो. चालकाच्या दारातील स्विच एका मध्यवर्ती डबीला आज्ञा देतो आणि ती डबी चारही मोटरींना प्रवाह पुरविते. 'सेंट्रल लॉक' म्हणतात ते हेच. ज्या गाड्यांत कारखान्यातून ही सोय येत नसे, त्यांत बाजारातला संच बसविण्याची पद्धत आपल्याकडे कित्येक वर्षे रूढ आहे. अशा संचात चालकाच्या दाराच्या मोटरीला पाच तारा असतात, दोन मोटरीच्या आणि तीन स्विचच्या. उरलेल्या तीन दारांच्या मोटरींना दोन-दोनच.

आता अलार्मच्या संचाला करायचे असते ते इतकेच की, रिमोटचे बटण दाबताच चालकाच्या स्विचने जे केले असते तेच करावयाचे. अलार्मच्या डबीतून निघणारी आज्ञा बहुधा दुबळी असते. तिच्यावर थेट मोटर चालवू पाहाल तर डबी जळेल. म्हणून मध्ये रिले घालतात. लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा हा साधा विद्युतचुंबकी स्विच. काही अलार्म संचांत रिले आतच असतात, काहींना बाहेरून लावावे लागतात. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे असतात. हे आकडे एका जर्मन मानकाने ठरविलेले असून बेळगावच्या गॅरेजात आणि बर्लिनच्या गॅरेजात त्यांचा अर्थ एकच.

खरी मेख पुढे आहे. 'चालकाच्या स्विचने जे केले असते' ते सर्व गाड्यांत एकच नसते. मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात स्विच एका बारीक तारेला गाडीच्या बॉडीशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण ध्रुवाशी, क्षणभर जोडतो. तेवढ्या खुणेने डबी कामाला लागते. दुसऱ्या प्रकारात स्विच त्या तारेला १२ व्होल्ट देतो. तिसऱ्या प्रकारात डबीच नसते. मोटरीचा सगळा प्रवाह स्विचमधूनच जातो, दोन्ही तारा विश्रांतीच्या वेळी बॉडीशी भक्कम जोडलेल्या असतात, आणि स्विच दाबला की त्यांपैकी एक बॉडीपासून सुटून धन ध्रुवाला लागते. पहिल्या दोन प्रकारांत अलार्मची तार नुसती जोडली की भागते. तिसऱ्यात मात्र दोन्ही तारा मधोमध कापून दोन रिले बसवावे लागतात आणि कापलेल्या तारांची स्विचकडील टोके ८७ए या पायांना न विसरता लावावी लागतात. ती राहिली तर प्रवाहाला यायला वाट मिळते, जायला मिळत नाही. मीटर १२ व्होल्ट दाखवितो आणि मोटर ढिम्म हलत नाही.

गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे तारेच्या रंगावरून कळत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजायला पाच मिनिटे पुरतात. मीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन स्विचच्या तारेला लावावी. स्विच न दाबता किती व्होल्ट आहेत ते पाहावे, मग दाबून पाहावे. आधी काही व्होल्ट असून दाबताच शून्य झाले तर पहिला प्रकार. आधी शून्य असून दाबताच १२ झाले तर दुसरा किंवा तिसरा. या दोहोंतला भेद ओळखण्यासाठी बॅटरीचा जोड सोडवून त्या तारेचा बॉडीशी असलेला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य निघाला तर तिसरा प्रकार समजावा. ज्याने ओहमचा नियम परीक्षेत लिहिला आहे त्याला यात अवघड काय आहे? आणि तरीही ही पाच मिनिटे वाचविण्यापायी दोन-दोन दिवस जातात, हेच तर माझे दुखणे आहे.

माझ्या मामांची भाड्याची गाडी आहे. बेळगावहून चोर्ला घाटातून पणजी आणि परत, अशा त्यांच्या बहुतेक फेऱ्या. प्रवासी देवळात किंवा जेवायला जातात तेव्हा सामान गाडीतच असते, म्हणून त्यांनी अलार्म बसवून घेतला. गाडीत आधीच्या मालकाने बसविलेले बाजारातले सेंट्रल लॉक होते आणि ते किल्लीने व्यवस्थित चालत होते. अलार्म बसल्यावर मात्र रिमोटचे 'बंद' बटण दाबले तर काहीच होईना, आणि 'उघड' बटण दाबले की फ्यूज उडे. बसविणाऱ्या कारागिराने फ्यूज बदलला. पुन्हा उडाला. पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी त्याने १५ अँपिअरचा काढून ३० चा घातला आणि 'आता नाही उडणार' असे आश्वासन दिले. आश्वासन खरे ठरले. फ्यूज उडाला नाही, फक्त डॅशबोर्डाखालून वायर भाजल्याचा वास येऊ लागला.

मामांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. तेथे वास घेऊन निदान झाले की सेंट्रल लॉकची डबी जळाली. नवी डबी बसली, पैसे झाले, १५ अँपिअरचा फ्यूज परत आला आणि 'उघड' बटण दाबताच तोही गेला. लग्नसराईचे दिवस होते. गाडी दोन दिवस उभी राहिली आणि गोव्याचे एक भाडे दुसऱ्याच्या गाडीला गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कॅम्पातल्या एका वयस्कर वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि तारांशी गॅरेजची तिसरीच भाषा, असा त्यांचा कारभार. मामा नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून सर्व इतिहास सांगू लागले. मेस्त्रींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "मालक, कुणी मोजून बघितलंय काय?" मामा गप्प झाले. मेस्त्रींनी मीटर काढून माझ्या हातात दिला नि म्हणाले, "तम्मा, तू सायन्सचा न्हवं? काळी पिन बॉडीला धर. आधी अर्थ बघायचा, मग करंट."

मोजले तेव्हा उघडकीस आले ते असे. डबीला हवी होती बॉडीची खूण, म्हणजे वर सांगितलेला पहिला प्रकार. आणि अलार्मची तार देत होती १२ व्होल्ट. या संचात चालकाच्या दारातील स्विच त्या त्या स्थितीत टिकून राहतो. दार उघडे असले की 'उघड'ची तार स्विचमधून बॉडीला जोडलेलीच असते. त्या तारेवर अलार्मने १२ व्होल्ट घातले की बॅटरीचे दोन ध्रुव मध्ये काहीही अडथळा नसता एकमेकांस भिडतात. अशा वेळी फ्यूज उडेल नाही तर काय होईल? 'बंद'ची तार मात्र मोकळी असल्यामुळे तिच्यावर १२ व्होल्ट आले तरी डबीला त्यातून कसलीच खूण पटत नसे. म्हणजे एका बटणाने फ्यूज उडणे आणि दुसऱ्याने काहीच न होणे या दोन निरनिराळ्या तक्रारी नव्हत्या. एकाच चुकीच्या जोडणीची ती दोन लक्षणे होती. पहिली डबी निर्दोष होती आणि नवी डबीही निर्दोषच होती. मेस्त्रींनी अलार्मच्या रिलेची धन ध्रुवाला लावलेली तार काढून बॉडीला लावली, इतकेच. गॅरेजच्या मराठीत 'अर्थ' म्हणजे बॉडीची जोडणी. अर्थ न लागल्यामुळे दोन दिवस सगळे खोळंबले होते, असे म्हटले तर दोन्ही अर्थांनी खरे होईल.

तरीही प्रकरण संपले नाही. तीन दारे रिमोटने लागू लागली, डावीकडचे मागले दार मात्र कधी लागे, कधी न लागे. आता मामांना आठवले की अलार्मच्या आधीही हे दार कधीमधी असेच वागत असे. पण तेव्हा ते प्रत्येक दार हाताने ओढून पाहत. आम्ही त्या दाराच्या मोटरीचा जोड सोडवून तेथे मीटर लावला. स्विच दाबला की क्षणभर बाराच्या आसपास आकडा दिसे. 'करंट येतोय, म्हणजे मोटर गेली,' असा निष्कर्ष कोणीही काढील, आणि नवी मोटर विकत आणील. मेस्त्रींनी ती मोटर सुटी करून बॅटरीवर लावून दाखविली. ती ठणठणीत होती. मग त्यांनी जोडाशी मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा जुना दिवा लावला. स्विच दाबला तेव्हा तो दिवा राखेतल्या निखाऱ्यासारखा नुसता लालसर झाला. दार आणि खांब यांच्यामध्ये तारा ज्या रबरी नळीतून जातात ती नळी मेस्त्रींनी मागे सारली. वरचे आवरण शाबूत होते, आतले तांबे मात्र दार हजारो वेळा उघडून-मिटून तुटले होते. एक-दोन काळवंडलेले धागे तेवढे शिल्लक होते.

माझ्या मते अवघ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. मीटरने १२ व्होल्ट दाखविले ते खोटे नव्हते. बहुतेक डिजिटल मीटरांचा अंतर्गत रोध १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. तुटत आलेल्या तारेचा रोध १० ओहम धरला तरी एक कोटीपुढे १० ओहमांची काय मातब्बरी? मीटरमधून प्रवाहच नगण्य वाहतो, त्यामुळे तारेत विभवांतर जवळजवळ खर्च होत नाही आणि पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. परंतु चार ओहमांची मोटर त्याच तारेवर लावली म्हणजे एकूण रोध १४ ओहम होतो, प्रवाह तीन अँपिअरऐवजी एका अँपिअरहून कमी राहतो आणि मोटरीच्या वाट्याला जेमतेम साडेतीन व्होल्ट येतात. वाटेतली गळती ओझे टाकल्यावरच दिसते. हे गणित आम्ही प्रथम वर्षाला डझनावारी सोडविले आहे. पण आम्हा विद्यार्थ्यांपैकी कितीजण या दारापाशी उभे राहून ते ओळखतील?

येथे मला गॅरेजवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. तार न मोजता भाग बदलणारा कारागीर आळशी असतो असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक त्याला ही सवय आपणच लावलेली आहे. गॅरेजच्या बिलात सामानाचा रकाना असतो, मजुरीचा असतो, शोधण्याचा नसतो. नवी डबी हातात दिसते, म्हणून तिचे पैसे देताना आपण कुरकुरत नाही. मेस्त्रींनी दीड तास शोध घेतला, वीतभर तार घालून जोडाला डाग दिला, त्यावर आवरण चढविले आणि आपली मजुरी सांगितली, तेव्हा आमचे मामा, जे एरवी सज्जन गृहस्थ आहेत, म्हणाले, "मेस्त्री, एवढुशी तार तर जोडलीत!" मेस्त्री हसले. परंतु जेथे विचाराला मोल नाही आणि वस्तूला आहे, तेथे कारागीर विचार विकण्याऐवजी वस्तूच विकणार, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. शिवाय आकृत्या आणि माहितीपत्रके इंग्रजीत. ती आमच्या गॅरेजातल्या पोराला, मग तो मराठी असो की कन्नड, कोणी समजावून दिलेली नसतात. त्याच्या वाट्याला उस्तादाचे पाहून शिकणे तेवढे येते. उस्ताद मोजणारा असला तर पोरगा मोजतो, आणि नसला तर तोही तिसरा फ्यूज मोठा घालतो.

या मोठ्या फ्यूजची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फ्यूज हा डबीच्या रक्षणासाठी असतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. मुळात तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घातला म्हणजे तारेला दुप्पट प्रवाह वाहण्याची मुभा मिळाली आणि उष्णता चौपट झाली. ती तार गालिच्याखालून, स्पंजाच्या आसनाशेजारून जाते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसविण्याचा प्रकारही आपल्याकडे सर्रास चालतो, आणि त्याला आपण 'जुगाड' असे कौतुकाचे नाव दिले आहे. चालत्या गाडीतून धूर निघतो तेव्हा हे कौतुक कोणाला आठवत नाही. तसेच रिमोटच्या शिट्टीचे. शिट्टी वाजली म्हणजे बंद करण्याची आज्ञा निघाली, एवढेच सिद्ध होते. ती पाळली गेली की नाही हे शिट्टीला कळत नाही. मामा पूर्वी दारे ओढून पाहत. अलार्म आल्यावर शिट्टी ऐकून पाठ फिरवू लागले. म्हणजे सुरक्षिततेसाठी आणलेल्या वस्तूने मागचे दार असुरक्षित केले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. आता नव्या गाड्यांत सेंट्रल लॉक आणि अलार्म कारखान्यातूनच येतात, तेव्हा हे सारे जुन्या गाड्यांचे रडगाणे नव्हे काय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत स्विच, डबी आणि इतर यंत्रे एकमेकांना नुसते व्होल्ट पाठवीत नाहीत, संदेश पाठवितात. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या 'कॅन' पद्धतीत पिळलेल्या दोन तारांवरून गाडीभर हे संभाषण चालते. अशा तारेवर टेस्टर लावून 'करंट आहे की नाही' पाहणे म्हणजे टेलिफोनच्या तारेला हात लावून पलीकडचा माणूस काय बोलतो ते ओळखण्यासारखे आहे. पण म्हणून मोजण्याची गरज संपली काय? उलट ती वाढली. या दोन तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमांचा रोध असतो. ते दोन समांतर जोडणीत असल्यामुळे बॅटरी सोडवून मोजले असता ६० ओहम यावयास हवेत. १२० आले तर एक टोक तुटले असे समजावे. हाही पहिल्याच वर्षाचा अभ्यास. आणि येथे चुकीची तार कापण्याची किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे. एअरबॅगच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात. तेथे जुना दिव्याचा टेस्टर नुसता लावणेही धोक्याचे, कारण तो ओढतो तेवढ्या प्रवाहाने एअरबॅग फुटू शकते. अनेक नव्या गाड्यांत अपघातानंतर दारांची कुलपे आपोआप उघडतात. कोणी अंदाजाने तारा कापून तेथे बाजारातला संच घुसविला तर ती सोय नेमकी हवी त्या क्षणी दगा देईल. जुन्या गाडीत अंदाज चुकला तर फ्यूज जात असे. नव्या गाडीत कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.

म्हणून मी आता कॉलेजकडे वळतो, आणि येथे गुरुजनांची आगाऊ क्षमा मागतो. आमच्या प्रयोगशाळेत जे प्रयोग होतात त्यांची उत्तरे आधीच ठरलेली असतात. ओहमचा नियम पडताळून पाहायचा, तो खरा निघायचा, आलेख सरळ रेषेत यायचा. न आला तर शेजारच्या वहीतून तो सरळ करून घ्यायचा. जोडणी बिघडली आणि सुई हलेना की आम्ही प्रयोगशाळेच्या सहायकाला हाक मारतो. तो येतो, एक स्क्रू आवळतो, निघून जातो. त्याने काय ओळखले, कसे ओळखले, हे आम्ही विचारीत नाही आणि त्याला गुण देणारा रकाना आमच्या वहीत नसतो. अशा रीतीने प्रयोगशाळेत शिकण्यासारखी जी सर्वांत मोलाची गोष्ट, ती रोज आमच्या समोर घडते आणि आमच्या हातून निसटते.

ज्यांच्या नावाचे नियम आपण पाठ करतो त्यांचे उदाहरण पाहा. ओहम कोलोनच्या एका शाळेत शिकवीत होता आणि शाळेच्याच उपकरणांवर त्याचे प्रयोग चालत. त्या काळच्या विद्युत्घटाचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून आकडे जुळेनात. त्याने आकडे 'सरळ' केले नाहीत. गडबड घटात आहे हे ओळखून त्याऐवजी तापविद्युत युग्म वापरले, तेव्हा नियम हाती आला. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८२७ साली निघाला. विद्युत परिपथाचे दोन नियम किरचॉफने १८४५ साली मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात विद्यार्थीच होता, वय अवघे २१. म्हणजे ज्या वयात आम्ही त्याचे नियम खाली मान घालून उतरवून घेतो, त्याच वयात त्याने ते शोधले. तेवढी झेप सर्वांना साधणार नाही. परंतु त्याच नियमांनी एका दाराची तुटलेली तार शोधणे तरी आम्हाला साधावे की नाही?

माझी सूचना साधी आणि स्वस्त आहे. प्रत्येक कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागाने एक लाकडी फळी तयार करावी. तिच्यावर १२ व्होल्टची बॅटरी, योग्य फ्यूज, दोन रिले, एक स्विच आणि भंगारातून आणलेल्या कुलपाच्या चार मोटरी बसवाव्यात. शिक्षकांनी तिच्यात दर आठवड्याला एक बिघाड लपवावा. कधी आतून तुटलेली तार, कधी ८७ए चा सुटलेला जोड, कधी गंजलेला अर्थ, कधी उलटी खूण. विद्यार्थ्याला मीटर, एक दिवा आणि अर्धा तास द्यावा. त्याने प्रत्येक मोजमाप लिहावे, त्यावरून काय नाकारले व काय उरले ते लिहावे, आणि शेवटी बिघाडावर बोट ठेवावे. गुण द्यावेत ते या तर्काच्या वाटेला. बोट अचूक पडले पण वाट सांगता आली नाही, तर अर्धेच द्यावेत. तसेच वर्षातून चार वेळा एखाद्या मेस्त्रीला मानधन देऊन प्रयोगशाळेत बोलवावे. पाहुणा म्हणून हार घालण्यासाठी नव्हे, शिकविण्यासाठी. आमच्या गावात उद्यमबागेपासून कॅम्पापर्यंत हाताने विचार करणारी अशी माणसे उदंड आहेत. आम्ही मात्र त्यांना फक्त गाडी बंद पडल्यावर भेटतो. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्यांनी अलार्म संचांच्या इंग्रजी आकृत्या मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवून गॅरेजात नेऊन द्याव्यात. ज्या नियतकालिकात या दोन भाषा एका पुठ्ठ्यात सुखाने नांदतात, त्याच्या वाचकांना हे काम जड जाऊ नये.

अभ्यासक्रमात हे नाही, वेळ नाही, परीक्षेत विचारीत नाहीत, अशी उत्तरे मला ठाऊक आहेत. परंतु शास्त्र शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसात फरक तो कोणता? सूत्र माहीत असणे, हा फरक फार थोडे दिवस टिकतो. शास्त्र शिकलेला माणूस 'मला वाटते' आणि 'मी मोजले' यांत गल्लत करीत नाही, हा फरक आयुष्यभर टिकावयास हवा. ही गल्लत दाराच्या कुलपापाशी झाली तर दोन दिवसांचे भाडे बुडते. हीच गल्लत घेऊन आम्ही उद्या डॉक्टर होऊ, अभियंते होऊ, शिक्षक होऊ, तेव्हा ती रोग्याला, पुलाला आणि विद्यार्थ्याला भोवेल. तेथे नवी डबी विकत आणून बदलता येणार नाही.

तेव्हा मित्रहो, पक्कड उचलण्यापूर्वी मीटर उचला. आणि जो कारागीर तार कापण्याआधी मोजतो त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. त्याने आपल्याला काहीच नवीन विकले नाही, हाच त्याच्या कामाचा चोखपणा आहे.